अंगणाखालची वाटणी

पुढचं घर,
६ जानेवारी

चि. बुवा यास,
अ. उ. आ.

भिंतीपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायला बसले की दर वेळी माझं मलाच हसू येतं. पण अप्पांचा नियम म्हणजे नियम. भांडण तोंडाने करायचं नाही, कागदावर करायचं. मायना आणि शेवट गाळायचा नाही. आणि लिहिलेलं पत्र एक रात्र उशाशी ठेवून, सकाळी पुन्हा वाचून, मगच पेटीत टाकायचं. अप्पा गेले, घराचे दोन भाग झाले, मधे भिंत आली, तरी हा नियम आपण सामाईक ठेवला आहे. तेव्हा हे पत्र म्हणजे भांडण आहे, हे आधीच सांगते.

आईची खोली गार पडली आहे. भिंतीवरचं यंत्र थोडा वेळ चालतं, मग लाल दिवा लावून बंद पडतं. त्याचं माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून वाचलं. लाल दिवा म्हणजे जमिनीतून वर येणारं पाणी फारच थंड आहे. अंगणाखाली अप्पांनी तीन खोल बोअर मारून घेतले, त्यांच्या नळ्यांतून पाणी खाली फिरून येतं, जमिनीतली ऊब घेऊन वर येतं, आणि त्या उबेवर तुझं आणि माझं अशी दोन्ही घरं तापतात. इतके हिवाळे हे बिनतक्रार चाललं. मग यंदाच काय झालं? माझ्या बाजूला काहीच बदललं नाही. त्याच खोल्या, त्याच खिडक्या, तीच आई.

तुझ्या बाजूला मात्र बदललं. तुझ्या फुलांच्या शीतखोलीची घरघर आईला झोपू देत नाही असं मी पावसाळ्यानंतर लिहिलं, आणि तू ती खोली बंद केलीस. त्याबद्दल तेव्हाच आभार मानले होते, आजही मानते. पण त्या खोलीचं तू केलंस काय? काल मागे कपडे वाळत घालायला गेले तर काचेवर वाफ धरलेली. आत गुच्छ बांधायला कामावर ठेवलेल्या तुझ्या दोघी मुली बिनबाह्यांच्या कपड्यांत, आणि वहिनी पुठ्ठ्याने वारा घेत बसलेल्या. जानेवारीत! इकडे आई दोन स्वेटर, शाल, कानटोपी आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन, टपालात टाकायच्या पार्सलासारखी बसली आहे. खोकला पुन्हा सुरू झाला आहे.

मी तुझ्या बाजूनेही विचार करून पाहिला. मुलींची बोटं गारठली तर तारा कशा पिळतील, हे मला कळतं. आपल्याला तुझ्या उबेचा हेवा तर वाटत नाही ना, हेही स्वतःला विचारलं. थोडा वाटतो. तरीही जमीन एकच आहे, आणि तू जास्त ओढलंस तर आम्हाला कमी उरणार, यात मला चूक सापडत नाही. ती खोली तापवणं बंद कर.

तुझ्यावरचा लोभ जागेवर आहे. सध्या स्वेटर घालून बसला आहे, इतकंच.

तुझी,
ताई


मागचं घर,
८ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून लगेच उत्तर लिहिलं. ते उशाशी ठेवलं, सकाळी पुन्हा वाचलं, राग जसाच्या तसा होता. म्हणजे नियम पुरा झाला.

मी ऊबचोर! वा! ताई, शीतखोली मी कुणासाठी बंद केली? आईसाठी. फुलांचा धंदा आणि शीतखोली नाही, म्हणजे शिंपी आणि सुई नाही. तेव्हापासून माझा सगळा माल गावाच्या दुसऱ्या टोकाला, मासळीवाल्याच्या शीतगृहातल्या एका कोपऱ्यात पडलेला असतो. पहाटे आणायचा, दुपारी परत न्यायचा. गेल्या आठवड्यात एका नवरीच्या वडिलांनी गुलाबांचा गुच्छ परत आणून दिला. नाकाशी धरून मला विचारलं, हा हातात धरायचा आहे की तळायचा आहे. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. ही रात्री रडली. मी यातलं अक्षर तुला बोललो नाही, कारण आईची झोप.

आता त्या खोलीतल्या उन्हाळ्याबद्दल. शीतखोलीच्या भिंती हातभर जाड असतात. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांत जे भरलेलं असतं, ते ऊबही बाहेर जाऊ देत नाही. तिथे मेणबत्ती लावली तरी घाम येतो. मी घेतो ती चिमूटभर ऊब. वारा घेणारी बायको दिसली म्हणून तू माझ्यावर खटला भरलास, पण उकाडा घालवायला खोलीचं दार किती वेळ उघडं ठेवावं लागतं ते विचारलं नाहीस.

लहानपणी आपण एका पांघरुणात झोपायचो. रात्रभर तू ते तुझ्याकडे ओढायचीस, आणि सकाळी मलाच विचारायचीस की बुवा, पांघरूण का ओढलंस. मला वाटलं होतं कॉलेजात शिकवायला लागल्यावर ही सवय जाईल.

खोली तापवणं बंद करणार नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवायची घाई करू नये.

तुझा,
बुवा


पुढचं घर,
१३ जानेवारी

चि. बुवा यास,
अ. उ. आ.

पांघरुणाबद्दल तू लिहिलंस ते खरं असेल. मला आठवत नाही, आणि झोपेत केलेल्या गोष्टीचा कबुलीजबाब मी जागेपणी देणार नाही.

तुला दिसलंच असेल, रविवारी मामा गाडी घेऊन आले आणि आईला घेऊन गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या खोकल्याला ही खोली चालणार नाही. मी प्लगवर चालणारी शेगडी लावून पाहिली. तिने पायाजवळचा वीतभर गालिचा तापतो आणि वरची हवा आहे तशीच राहते. आई जाताना खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली की हिच्यावर पुस्तकं रचू नकोस. मी म्हणाले, नाही रचणार. तू दारापर्यंत आलास, तिची पिशवी उचललीस, तिच्या पाया पडलास, आणि माझ्याशी शब्द बोलला नाहीस. मीही बोलले नाही. नियमाच्या आड आपण दोघं किती सोयीने लपतो, असं मला त्या क्षणी वाटलं. पण राग त्याहून मोठा होता.

म्हणून मी ठरवलं आहे. घराची वाटणी झाली, गच्चीची झाली, माळ्यावरच्या पातेल्यांचीसुद्धा झाली. जमिनीखालची राहिली होती, ती आता होऊ दे. तीन बोअरपैकी दोन पुढच्या घराला, कारण आई पुढे असते. एक तुला. नळ्या कुंपणाजवळच्या खड्ड्यात एकत्र येतात, तिथेच त्या कापून दोन्हीकडची तोंडं कायमची बंद करायची. कंत्राटदार २८ तारखेला येतो आहे. एकदा कापल्यावर पुन्हा जोडता येणार नाहीत, असं त्याने दोनदा बजावलं. मीही त्याला दोनदा हो म्हटलं. तुझी हरकत असेल तर लिहून कळव.

नळ्या तोडायच्या असल्या तरी लोभ सामाईक राहावा, अशी इच्छा आहे.

तुझी,
ताई


मागचं घर,
१५ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

हरकत नाही. काप. दोन तू घे. तिसराही हवा असेल तर कळव, मी मुलींना आणि बायकोला कोट शिवून देतो.

लोभाचं कंत्राटदाराला विचार.

तुझा,
बुवा


मामाचं घर,
१८ जानेवारी

चि. ताई आणि चि. बुवा,
अ. उ. आ.

एकच पत्र दोघांना पाठवते आहे. आधी ताईने वाचावं, मग भिंतीपलीकडे द्यावं. हातात द्यावं, पेटीत टाकू नये.

तुमच्या मामाचा माझ्यावर फार जीव आहे. इतका, की मला खुर्चीतून उठू देत नाही. त्याच्या घरात लाकडांची शेगडी आहे. ऊब छान, पण धूर असा की खोकला इथे येऊन आणखी शहाणा झाला. तो म्हणतो, आता कायमची इथेच राहा. महिनाअखेर माझा पलंग आणायला तो टेम्पो पाठवणार आहे. मला न विचारता ठरवलं. तुम्हीही मला न विचारताच इकडे पाठवलंत. माझं सामान आणि मी, यांत तुम्हा लोकांना काही फरक दिसतो का?

अंगणाखालची वाटणी चालली आहे असं कळलं. मला त्यातलं काही समजत नाही. तुमच्या अप्पांनी ते भोक पाडायची गाडी आणली तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, सरळ चूल पेटवा. त्यावर ते तासभर ओरडले. हो, ओरडले. तो कागदाचा नियम त्यांनी तुम्हा दोघांसाठी केला होता. माझ्याशी भांडताना त्यांनी कधी मायना लिहिला नाही, आणि मीही नाही. सगळं तोंडावर व्हायचं आणि जेवणाच्या आत संपायचं. तुमचं एक भांडण पंधरा दिवस चालतं.

आणखी एक. बुवाची शीतखोली माझ्या झोपेसाठी बंद झाली, हे मला इथे येऊन मामाकडून कळतं! मला त्या घरघरीचा त्रास होतो असं कुणी सांगितलं? मला इथे झोप येत नाही ती शांततेने. घरी पलीकडे ते यंत्र चालू असायचं, तेव्हा कुणीतरी जागं आहे असं वाटायचं. माझं नाव वापरायचं तर मला विचारून वापरा.

खोली गरम होणार असेल तर मला न्यायला या. नसेल तर पलंग पाठवून द्या, आणि त्या खुर्चीवर हवी तेवढी पुस्तकं रचा.

दोघांवर सारखाच लोभ आणि सारखाच राग असलेली,
तुमची आई


पुढचं घर,
२५ जानेवारी

चि. बुवा यास,
अ. उ. आ.

आईचं पत्र तुझ्या हातात दिलं तेव्हा तू ते तिथेच उभ्याने वाचलंस, घडी घातलीस आणि आत गेलास. घरघरीबद्दल तिने लिहिलं ते मला झोंबलं. आवाजाचा त्रास होत होता, हे खरं. तो कुणाला होत होता, याची मी अजून पुरती चौकशी केलेली नाही.

आज लिहिते आहे ते दोन कारणांनी. पहिलं, तुझी शीतखोली बुधवारपासून पुन्हा सुरू झाली आहे. भिंतीला पाठ टेकली की मणक्यात कळतं. मला सांगितलं नाहीस. एक ओळ तरी टाकायचीस. दिलेला शब्द असा गुपचूप मोडायचा?

दुसरं. गुरुवारी संध्याकाळी आईच्या खोलीत तिचे कपडे आवरायला गेले आणि पायांना काहीतरी वेगळं लागलं. चप्पल काढून पाहिली. फरशी कोमट होती. शुक्रवारी त्याहून जास्त. लाल दिवा दोन दिवसांत एकदाही लागला नाही. मी आता तिथेच झोपते आहे, आणि काल शाल पायाशी टाकावी लागली.

म्हणजे माझं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. तू त्या खोलीत पुन्हा फुलं ठेवलीस, म्हणून ती तापवणं थांबलं, आणि आमचा वाटा आम्हाला मिळाला. उशिरा का होईना, तू माघार घेतलीस. मोठी बहीण म्हणून मला बरं वाटलं. पण उद्या तुझ्या मनात आलं की तू पुन्हा खोली तापवशील, आणि आईची ऊब तुझ्या मर्जीवर राहील. ते मला नको. तेव्हा कंत्राटदार ठरल्याप्रमाणे २८ ला येईल.

माघार घेणाऱ्यावर लोभ करणं सोपं असतं, म्हणून आज तो थोडा जास्त पाठवते.

तुझी,
ताई


मागचं घर,
२६ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

माघार? कसली माघार? मी बुधवारी शीतखोली उघडली ती एका मोठ्या लग्नाची ऑर्डर होती म्हणून. मासळीवाल्याकडे जागा उरली नव्हती. खोली छतापर्यंत फुलांनी भरली, यंत्र पूर्ण जोरात सोडलं, आणि तुझं घरघरीबद्दलचं रागाचं पत्र येईल म्हणून वाट बघत बसलो. आलं ते आभारप्रदर्शन!

आता नीट वाच. तापवणं मी थांबवलेलं नाही. मुली आता आमच्या पुढच्या दिवाणखान्यात बसून गुच्छ बांधतात. त्या खोलीच्या भिंती पातळ, खिडक्या मोठ्या. तिथे पूर्वीच्या दुप्पट ऊब लागते, आणि ती मी बुधवारपासून न लाजता ओढतो आहे. तुझ्या हिशेबाने आईची खोली आता बर्फाचा कारखाना व्हायला हवी होती. ती गरम झाली. का?

मलाही कळलं नाही. मला वाटत होतं शीतखोली बंद ठेवून मी तुमच्यावर उपकार करतो आहे. म्हणून यंत्रं बसवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअर बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, फुलं थंड करताना त्यांच्यातली ऊब काढून तुमचं यंत्र ती कुठे टाकतं असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, बाहेर कुठेतरी. त्या म्हणाल्या, बाहेर नाही, त्याच नळ्यांत. अंगणाखालच्या त्याच पाण्यात. तेच पाणी फिरून ताईंच्या यंत्रात जातं.

कळलं का, ताई? इतके हिवाळे आईची खोली माझ्या फुलांनी तापवली. गुलाब, लिली, निशिगंध, सगळ्यांनी आपापली ऊब काढून दिली. तू घरघर बंद करायला लावलीस आणि मी आज्ञाधारकपणे आईच्या पायाखालची ऊब बंद केली. आणि दोघंही एकमेकांना चोर म्हणत बसलो. तसं म्हणायला सुरुवात तू केलीस, हे नोंदवून ठेवतो.

मी बाईंना म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाहीत. माझ्या हातातला फोन फुटायचा राहिला.

नळ्या कापल्यास तर तुझे दोन बोअर हिवाळा संपायच्या आत गारठतील, आणि माझा एकटा उन्हाळ्यात इतका तापेल की फुलं खोलीतच उकडतील. कंत्राटदाराला थांबव. परवा यायचा आहे ना तो? हे पत्र आज रात्री उशाशी ठेवतो, उद्या सकाळी टाकतो. अजून वेळ आहे.

लोभ किती ठेवायचा ते हे वाचून झाल्यावर तूच ठरव.

तुझा,
बुवा


पुढचं घर,
२९ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा सकाळी जे झालं ते तुला बुवाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते. तो सांगेल त्यात माझा आवाज जास्त मोठा असेल.

कंत्राटदार एक दिवस आधी आला. ठरल्या दिवसाच्या आधी आलेला कंत्राटदार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. दुसरीकडचं काम रद्द झालं म्हणाला. मी त्याला अंगणात घेतलं. त्याच्या माणसांनी कुंपणाजवळची झाकणफरशी उचलली, खड्ड्यात उतरले, नळ्यांवर खडूने खुणा केल्या. पाणी अडवायच्या चाव्या बंद झाल्या. करवत बाहेर निघाली.

तेवढ्यात बुवा आला. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल दाढी केलेला, खांद्यावर टॉवेल, हातात पाकीट. मायना नाही, नमस्कार नाही, थेट मूर्ख या शब्दाने सुरुवात केली. मी त्याला म्हटलं की काय म्हणायचं ते पेटीत टाक. तो म्हणाला की ते रात्रभर झोपलंच होतं, तेवढ्यात तुझा करवतवाला उठला. मग मीही ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहिणार नाही. पांघरूण मीच ओढायचे, कारण तू रात्री लाथा मारायचास, असंही म्हणाले. म्हणजे मला ते आठवत होतं. कंत्राटदार पायरीवर बसला आणि त्याने आम्हाला विचारलं की मी जेवून येऊ का.

शेवटी वहिनी बाहेर आल्या. त्यांनी बुवाच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या की तुम्ही दोघं ओरडा हवं तर, पण ओरडताना वाचाही. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग कंत्राटदाराला सांगितलं की काहीही कापायचं नाही. तो फार हिरमुसला. त्याच्या माणसांनी चाव्या उघडल्या, फरशी परत बसवली. एक कोपरा वर राहिला आहे. चालताना जपून पाऊल टाक.

बुवाच्या फायद्याची गोष्ट बुवाकडूनच ऐकून मी विश्वास कसा ठेवावा? म्हणून त्या इंजिनिअर बाईंना मीही फोन केला. त्यांनी तेच सांगितलं, कंटाळलेल्या आवाजात. मी विचारलं, तुमच्या एवढ्या जाड माहितीपुस्तकात कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते चित्रांसकट आहे, मग दोन घरं एकमेकांना ऊब देतात याची एक ओळ का नाही? म्हणाल्या, ते नकाशात आहे. नकाशा कुठे आहे? त्यांच्या कार्यालयात. आई, मला इतका संताप आला की मी धन्यवाद न म्हणता फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. बाई एकटीच दोषी आहे का? पण पुन्हा फोन करून धन्यवाद म्हणावं इतकं वाईट वाटलं नाही.

आता तुझ्या नावाचं. घरघरीचा त्रास मला होत होता. मुलांचे पेपर तपासताना ती डोक्यात शिरायची. माझ्या नावाने मागितलं असतं तर बुवाने वाद घातला असता. तुझं नाव घातलं की तो नाही म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं. लिहिताना मात्र मला ते ठाऊक आहे हे मी स्वतःला कळू दिलं नाही. तू रागावलीस ते योग्यच केलंस.

खोली तयार आहे. फरशी अनवाणी चालण्यासारखी आहे. यंत्राचा दिवा हिरवा आहे. खुर्ची मोकळी आहे. भिंतीपलीकडे घरघर चालू आहे, आणि ती मला अजिबात आवडत नाही. आवडायला लागली असं मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिणार नाही. मी पेपर आता स्वयंपाकघरात बसून तपासते.

मामांना सांग, टेम्पो पाठवू नका, पलंग जिथे आहे तिथेच राहील. शनिवारी बुवा तुला न्यायला येतो आहे. फुलांचीच गाडी आहे, पण मासळीचा वास अजून गेलेला नाही. रुमाल जवळ ठेव.

तुझा लोभ मागायची मला कधी गरज पडली नाही. मागच्या घराचा थोडा लागेल. येताना त्याच गाडीतून घेऊन ये.

तुझी,
ताई

ता. क. आत्ताच पेटीत बुवाचं पत्र पडलं. मायना आहे, शेवट आहे, मधे इतकंच, की दिवाणखान्यात मुलींची बोटं गारठतात, तर खोली आणखी थोडी तापवली तर माझी हरकत आहे का. उत्तर लिहून उशाशी ठेवलं आहे. उत्तर हरकत नाही असं आहे. पण ते मी फार रागाने लिहिलं आहे.